मागच्या जिन्याने

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कोळंबी सोलणं. फजरची नमाज झाली होती, बाहेर अजून नीट उजाडलं नव्हतं, आणि हॉलमध्ये जमिनीवर जुना पेपर पसरून आम्ही बसलो होतो. मध्ये परात. समोर टीव्ही. टीव्हीत अमेरिका. तिथे रात्र होती, मोठमोठे दिवे लावले होते, आणि आमचा नातू मैदानाच्या कडेला बाकावर बसून पाणी पीत होता.

"पस्तीस दिरहम किलो," बायको म्हणाली. "म्हणजे आठशे रुपये. आठशेत आपल्या बंदरावर टोपली आली असती."

"टोपली कसली, होडी आली असती."

"होडी! तुमच्या बापाने तरी घेतली होती कधी होडी?"

ती डोकी मोडायची, मी पाठीतला काळा दोरा काढायचो. पन्नास वर्षांत कामाची वाटणी तीच. तिचं लक्ष टीव्हीकडे, हात परातीत. न बघता सोलायची. मी बघून सोलायचो तरी माझी तुटायची.

मी चौथीपर्यंत शिकलो. रत्नागिरीकडचा खलाशी. पुढे इकडे फुजैराला आलो आणि मोठ्या जहाजांना तेल पुरवणाऱ्या बार्जवर दोर ओढण्यात जन्म घालवला. आता मुलाच्या व्हिसावर बसून खातो. मुलगा आणि सून अल ऐनला असतात, सून तिथे हॉस्पिटलात नर्स आहे. चला म्हणाले, आम्ही गेलो नाही. तिथे समुद्र नाही. इथे पाचव्या मजल्यावरून नांगर टाकलेली जहाजं दिसतात, आणि आमचं दोघांचं भागत होतं.

नातू याच बिल्डिंगमध्ये वाढला, तेव्हा मुलगा-सूनही आमच्यातच राहायची. तो आता अमेरिकेत त्यांचा तो फुटबॉल खेळतो. पायाने कमी आणि खांद्याने जास्त खेळतात तो. तो बॉल काखेत धरून पळतो. त्याचं काम तेवढंच. अकरा माणसं त्याला पाडायला टपलेली असतात आणि त्याने पडायचं नाही. पडला तर उठून परत पळायचं. बायकोने पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "सगळे मिळून एकट्याला मारतात, आणि पोलीस बाजूला उभे राहून शिट्टी वाजवतात. कसला खेळ हा?" मी म्हटलं, ते पोलीस नाहीत, पंच आहेत. म्हणाली, "मग तर अजून लाज वाटली पाहिजे त्यांना."

खेळ शिकला तो दुबईत. शाळेत असताना दर शुक्रवारी मुलगा त्याला गाडीत घालून न्यायचा, तिथे एका ग्राऊंडवर अमेरिकन लोकांची पोरं खेळायची. मग सुनेच्या भावाकडे तिकडेच गेला, तिकडेच कॉलेज केलं. पण पळायला शिकला तो दुबईतही नाही आणि अमेरिकेतही नाही. तो शिकला खाली, आमच्या पार्किंगमध्ये. ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमच्याकडे माणूस कामाला निघाला की त्याला मागून हाक मारत नाहीत. खलाशी तर नाहीच नाही. वळकटी खांद्यावर टाकून तो दर्याकडे निघाला, आणि तंबाखू घरात राहिली, तरी ओरडायचं नाही. बाई उठायची, आडवाटेने माडांमधून पळत पुढे जायची, त्याच्या समोर येऊन उभी राहायची, आणि मग हातात द्यायची. मागून हाक ऐकून माणूस वळला की त्याचा पाय दर्यातून परत येत नाही म्हणायचे. खरं-खोटं अल्ला जाणे. माझ्या बायकोने ते पाळलं. लग्न झालं तेव्हापासून पाळलं, आणि फुजैरात पाचव्या मजल्यावर राहायला आल्यावरही पाळलं.

मी मोबाईल विसरून खाली गेलो तर दुसरी बाई बाल्कनीतून हाक मारेल. ही नाही. लिफ्टनेही यायची नाही, कारण लिफ्टने आली तर माझ्या पाठीमागे निघणार. ही मागचा जिना धरायची. तो जिना पार्किंगच्या गेटपाशी उघडतो. मी समोरून फिरून गेटपाशी पोचेपर्यंत ही पाच मजले उतरून, दार ढकलून, माझ्या पुढ्यात. गुडघे धरून उभी. "हा घ्या. डोकं पण वरच राहिलंय का बघा."

नातू शाळेच्या बसला पळायचा तेव्हाही तेच. बाटली विसरायचा. ही मागच्या जिन्याने उतरून दोन्ही हात पसरून त्याच्या समोर उभी. मग तो थांबेल? तो हसत डावीकडे झुकायचा आणि उजवीकडून निसटायचा. ही आडवी. पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून दोघांचा खेळ चालायचा. बस हॉर्न मारतेय, वॉचमन हसतोय. पोरगा ओरडायचा, "यल्ला दादी, चल पकड!" ती अंगाने रुंद होती, तिला चुकवणं सोपं नव्हतं. पुढे टीव्हीवर कोणी गोरा माणूस म्हणायचा, ह्या पोराचा पाय काय वळतो, हा कुठे शिकला, तेव्हा मी तिच्याकडे बघायचो. ती म्हणायची, "बाटली मात्र एकदा पण नेली नाय मेल्याने."

आता त्याच्या धंद्याचं सांगतो. तिकडे कॉलेज संपलं की पोरांची निवड होते. तीन दिवस चालते. एकेक टीम एकेक नाव पुकारते. आमच्याकडे जसा होडीचा तांडेल किनाऱ्यावर यायचा आणि बोट दाखवून खलाशी उचलायचा, तसं. तीन पहाटे आम्ही टीव्हीसमोर बसलो. सुनेने मिठाई आणून ठेवली होती. नाव पुकारलं नाही. मिठाई तिसऱ्या दिवशी वॉचमनला दिली. सून रडली. बायको म्हणाली, "पुढून पुकारलं नाय ना? चालेल. मागून नाय पुकारलं म्हणजे झालं."

मला वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. मी पण न पुकारलेलाच. ज्याला तांडेल घ्यायचा नाही तो वळकटी घेऊन वाळूत बसून राहायचा. कोणाला ताप आला, कोणी पिऊन पडला, की त्याची जागा. नातवाचं तसंच झालं. एका टीमने उन्हाळ्यात बोलावलं, खूप पळवलं, हंगामाच्या तोंडावर काढलं. दुसऱ्या टीमने सरावाला ठेवलं. म्हणजे आठवडाभर त्याला पाडायचं, आणि मॅचच्या दिवशी त्याने साधे कपडे घालून उभं राहायचं. मग गुडघा गेला. ऑपरेशन. मग तिसरी टीम. पंचविशी गाठली. ह्या कामात पंचवीस म्हणजे माझ्या कामातली पन्नाशी.

ही तिसरी टीम शेवटची, असं तोच म्हणाला होता. उन्हाळ्यात नव्वदेक पोरं घेतात, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी जवळजवळ निम्मी काढतात. काढायची रीतही त्याने दादीला सांगितली होती. पोरं हॉटेलात राहतात. एक माणूस येतो आणि खोलीचं दार वाजवतो. सामान घे, कोच बोलावतोय, म्हणतो. बस. खलास. पोरं त्या दिवसांत खोलीत बसून पॅसेजमधल्या पावलांचा आवाज ऐकत असतात. पावलं पुढे गेली तर श्वास सोडतात. बायकोला हे ऐकल्यापासून दाराची बेल सहन होईना. दूधवाल्याला तिने सांगून ठेवलं होतं, बेल वाजवू नको, पिशवी लटकव आणि जा.

तर त्या पहाटेची मॅच ही काढायच्या आधीची शेवटची मॅच होती. त्यात जे दिसेल त्यावर तो राहणार की जाणार. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि अल ऐनला टीव्हीसमोर बसलेल्या त्या दोघांना माहीत होतं.

अल ऐनचं अजून एक. त्यांच्याकडचं इंटरनेट चांगलं. आमच्याकडे तेच चित्र अर्धा-पाऊण मिनिट उशिरा यायचं. म्हणून मुलगा फोन करून ओरडायचा, आणि आमच्या टीव्हीत अजून काही झालेलंच नसायचं. अल ऐनला नातू पडून उठलेला असायचा आणि आमच्याकडे अजून धावत असायचा. मला ते कधी आवडलं नाही. पडलेलं माणूस समोर धावताना बघायचं म्हणजे काय. बायको मॅचच्या वेळी दोन्ही फोन बेडरूममध्ये उशीखाली ठेवायची.

शेवटच्या भागात त्याला बाकावरून उठवला. पहिल्यांदा बॉल मिळाला, लगेच पाडला. दुसऱ्यांदा थोडा पुढे गेला. "उठला का?" "उठला." "गुडघा?" "ठीक हाय गे, चालतोय." मग त्याला परत बॉल दिला आणि तो त्या सगळ्या अंगांच्या गर्दीतून असा निघाला, जसा जाळ्याच्या फाटक्या भोकातून मासा निघतो. समोर कोणी नाही. हिरवं मोकळं ग्राऊंड, शेवटपर्यंत. मी गुडघ्यावर उठलो. तोंड उघडलं त्याचं नाव घ्यायला. आणि माझ्या तोंडावर तिचा हात आला. कोळंबीचा, ओला, गार.

"मागून नाय," ती म्हणाली.

तिकडे हजारो लोक ओरडत होते, पण माझं तोंड तेवढं तिने बंद केलं. तोच आमच्या डोळ्यांदेखत पोरगा थांबला.

पूर्ण थांबला नाही. पण पाय आखडले. अरुंद वाटेवर समोरून कोणी आलं तर आपण जसे एका अंगाला होतो, तसा तो एका अंगाला झाला. खांदा वळवला, वाट दिली. कोणाला? समोर गवत होतं. तेवढ्यात मागून दोघे येऊन त्याच्यावर पडले. जिच्यापलीकडे गेलं की गुण मिळतात ती शेवटची रेघ हाताच्या अंतरावर राहिली. बॉल काखेत होता, तो सोडला नाही.

मी शिव्या दिल्या. त्यांनी तेच तीनदा दाखवलं, हळू करून. तीन वेळा पोरगा कोणाला तरी वाट देऊन बाजूला झाला. बोलणारा माणूस काहीतरी म्हणून हसला.

"कुणीतरी आलं त्याच्या समोर," बायको म्हणाली.

"कोण येणार? ग्राऊंड मोकळं हाय."

"आलं." तिने परत परातीत हात घातला, पण सोलली नाही. मुठीत धरून बसली. "तुम्हाला नाय दिसलं तर नाय दिसलं."

"तुला दिसलं?"

"मला पाठ दिसली," ती म्हणाली.

मला वाटलं चष्मा नाही, काहीतरी बडबडतेय. मॅच संपली. तिने कोळंबी धुतली, हळद-मीठ लावून डब्यात भरली, फ्रिजमध्ये ठेवली. पेपर गुंडाळून मला कचऱ्याला दिला. "डोकं जड झालंय, पडते जरा. पोराचा फोन आला तर उठवा." मी चहा करून नेला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी कप ठेवला. हाक मारली. एकदा मारली, तिच्या पाठीमागून. मग पलीकडे गेलो आणि तोंड बघितलं, आणि मला कळलं.

घरात माणूस गेलं की इथे अँब्युलन्स येते, पोलीस येतात, सगळं रीतसर होतं. माणसं चांगली होती. एक तरुण अरब पोलीस माझ्याकडे न बघता हळू आवाजात विचारत होता, हिंदी मोडकी पण अदब होती. वय काय, आजार काय. मी सांगत होतो. आणि उशीखालून फोन वाजायला लागला.

पोलिसाने लिहायचं थांबवलं. तिच्या डोक्याखाली फोन वाजत होता, आणि तिचं डोकं त्या थरथरीने अगदी बारीक हलत होतं. नको नको म्हटल्यासारखं. मी बघितलं, पोलिसाने बघितलं. तो उठून उभा राहिला. मी उशीखाली हात घातला, फोन काढला. नातवाचा फोटो. मॅचनंतर तो नेहमी दादीला व्हिडिओ कॉल करायचा. तिचा प्रश्न एकच असायचा, "जेवलास का?" त्याचं उत्तर एकच, "येस दादी, आय एट." हार असो, जीत असो. मी फोन हातात धरून बसलो. वाजून बंद झाला. परत वाजला. परत बंद झाला.

दुपारी अल ऐनहून मुलगा-सून आले. मुलगा रडून झाल्यावर म्हणाला, "बाबा, त्याला सांगायला हवं."

"नको."

"नको म्हणजे? त्याची दादी आहे ती!"

"तू सांगशील आणि तो विमानात बसेल. दफन आज होणार, तो यायच्या आत ती मातीत. इथे येऊन तो काय करणार, आणि तिकडे त्याची जागा गेली. उद्या-परवा ठरतंय त्याचं. धावत्या पोराला मागून हाक मारायची नाय."

"बाबा, ही हाक नाही, बातमी आहे."

"तुझ्या आईला विचार हाक आहे का बातमी ते."

मी असं बोलून गेलो. सून डोळे पुसत म्हणाली, "बाबा बरोबर बोलतात. दोन दिवस थांबू." पोटच्या पोराशी खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण तिनेच फोन घेतला आणि इंग्रजीत लिहिलं, दादी इज स्लीपिंग. मी शेजारी होतो, मला ते अक्षर लागतं. आतल्या खोलीत बायका तिला गुस्ल, शेवटची आंघोळ, देत होत्या, पाण्याचा आवाज येत होता.

सूर्य मावळल्यावर, मगरिबच्या नमाजेनंतर दफन करून आलो. शेजाऱ्यांनी जेवण पाठवलं होतं, कारण मयताच्या घरात तीन दिवस चूल पेटवत नाहीत. कोणी जेवलं नाही. तिचा फोन सुनेने टेबलावर ठेवला होता. त्यात नातवाचा निरोप आला होता, आवाजाचा. मुलगा म्हणाला, ऐकू नका. मी म्हटलं, लाव.

पोरगा धापा टाकत होता, पायऱ्या चढत असावा. अर्धं इंग्रजी, अर्धं आमचं. "दादी, स्लीपिंग काय? मॅच बघितलीस ना? कोच मॅड आहे. ही आस्क्ड मी, व्हाय डिड यू स्टॉप. आय सेड आय डोन्ट नो. दादी, समबडी वॉज देअर. आय स्वेअर. असे हात करून. मी चुकवायला गेलो आणि... आय कुडन्ट. मला हसायला आलं, दादी. ओके. कॉल मी."

मुलाने फोन उलटा ठेवला. सून म्हणाली, थकलाय तो, डोक्याला लागलं असेल. मी मनातल्या मनात हिशेब लावत होतो. आमच्याकडे चित्र उशिरा येतं. म्हणजे तिकडे तो थांबला तेव्हा इकडे टीव्हीत तो अजून धावलाही नव्हता. तेव्हा बायको काय करत होती? माझ्यासमोर बसून कोळंबी सोलत होती. मी बघितलंय. मला एवढंच माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी फजरला उठलो. सवयीने दोन कप काढले, एक परत ठेवला. मुलगा आणि सून हॉलमध्ये गादीवर मेल्यासारखी झोपली होती. दोन्ही फोन मी फ्रिजवर ठेवले आणि निघालो. विसरून नाही, मुद्दाम. तिकडे आता संध्याकाळ असणार, पोरगा परत फोन करणार. मला खोटं बोलता येत नाही. कोणी विचारलं की खरं तेच तोंडातून पडतं, त्यापायी बार्जवर दोनदा मार खाल्लाय. फोन जवळच नसला म्हणजे प्रश्न नाही.

लिफ्टने खाली आलो, समोरून फिरून पार्किंगकडे वळलो. मशीद गेटच्या पलीकडे आहे. हवेत ऑगस्टचा दमटपणा, चष्म्यावर वाफ. चष्मा पुसून डोळ्याला लावला, आणि वर लक्ष गेलं.

मागच्या जिन्याला प्रत्येक मजल्यावर धुरकट काचेची उभी पट्टी आहे. आत दिवे आपोआप लागणारे. माणूस आलं की लागतात, गेलं की थोड्या वेळाने विझतात. एरवी त्या जिन्याने कोणी येत नाही, ती येत असे तेवढंच. पाचव्या मजल्याची काच उजळली.

मी उभा राहिलो. मला वाटलं मुलगा उठला, बाबांचा फोन राहिला म्हणून येतोय. पण मुलगा लिफ्टने येईल. त्याला ते आडवाटेचं ठाऊक नाही, तो गुडघे दुखतात म्हणून एक मजलासुद्धा चढत नाही.

चौथ्याची उजळली. मग वेळ गेला. ती चौथ्यावर थांबायची, कठडा धरून, श्वास घ्यायला. मला माहीत आहे, कारण एकदा मी जिन्यात तिला तिथे थांबलेली पकडली होती आणि हसलो होतो. मग तिसऱ्याची. मग दुसऱ्याची. वरच्या एकेक करून विझत होत्या. पहिल्याची उजळली. मग खाली, दाराच्या वरची झरोक्याची काच.

दार उघडलं नाही.

मी गेटपाशी उभा. दार माझ्या समोर, दहा पावलांवर. मशिदीत नमाज उभी राहतानाची इकामत सुरू झाली होती. मी पळून जाऊ शकलो असतो. गेलो नाही. भीती वाटली का? वाटली. पन्नास वर्षं जिच्याबरोबर एका ताटात जेवलो तिची भीती वाटली, हे लिहायला मला लाज नाही. पण भीतीच्या खाली दुसरं होतं. ती उगाच जिना उतरणारी बाई नव्हती. काहीतरी राहिलं असेल तरच यायची. आणि काय राहिलं होतं ते मला माहीत होतं, मीच ते फ्रिजवर ठेवून आलो होतो.

मी जाऊन दार ढकललं. आत कोणी नव्हतं. वास-बीस काही नव्हता. ओल्या सिमेंटचा वास, बस. वॉचमनला नंतर विचारलं तर म्हणाला, "चाचा, दमट हवेत सेन्सर पागल होतात." होत असतील. मग तेव्हापासून कधी का नाही झाले? मी रोज बघतो.

मी वर गेलो, त्याच जिन्याने. माझ्या पुढच्या मजल्यावरचा दिवा मी पोचायच्या आधी लागत होता. मी म्हटलं, "अगे, हळू. माझा पण गुडघा हाय." चौथ्यावर कठडा धरून थांबलो. कठडा दमट होता, सगळंच दमट होतं.

घरात शिरलो तेव्हा फ्रिजवर तिचा फोन वाजत होता. मुलगा-सून झोपेतच. मी फोन घेऊन बाल्कनीत गेलो, दार लावलं, आणि उचलला.

पडद्यावर हॉटेलचा पॅसेज हलत होता. पोरगा चालत होता. ओठ सुजलेला. "दादी! फायनली! ओह. दादा? व्हेअर इज दादी?"

"जेवलास का?" मी विचारलं.

त्याने पडद्याकडे नीट बघितलं. मी हे कधी विचारलं नव्हतं. "येस दादा. आय एट."

"तू चालतोयस?"

"हो, रूममध्ये जातोय. काय झालं?"

"चालू नको. पाठ भिंतीला लाव. खाली बस. फोन असा धर, मला तुझं तोंड दिसू दे आणि माझं तुला."

तो बसला. गालिच्यावर, पाय पसरून, गुडघ्याला बर्फाची पिशवी. एवढा मोठा पोरगा, आणि बसला तो शाळेची बस चुकल्यावर बसायचा तसा. मी बाल्कनीच्या कठड्याला पाठ लावून त्याच्या समोर बसलो. मग सांगितलं. फिरवून नाही, जसं झालं तसं. कोळंबी, डोकं जड, चहा, भिंतीकडे तोंड. काल मगरिबनंतर दफन. तुझ्या आईने लिहिलं ते खोटं होतं, तिला बोलू नको, मीच नको म्हटलं होतं.

पॅसेजमध्ये कोणाचीतरी पावलं आली, त्याची मान तिकडे वळली. पावलं पुढे गेली.

"दादा," तो म्हणाला, "ते दार वाजणार. माझं. आय नो. मी थांबलो ना. कोणी थांबत नाही असं."

"समोर माणूस आलं तर बाजूला व्हायचंच. तू बरोबर केलंस."

"तिथे कोणी नव्हतं दादा. मी रिप्ले बघितला."

"मी पण बघितला," मी म्हटलं.

मग तो रडला आणि मी त्याला रडू दिलं. विमानात बसू का म्हणाला. मी म्हटलं, नको. दार वाजेपर्यंत बस. कोणी काढेपर्यंत आपण वाळूतून उठायचं नाही. वाजलं की ये.

वाजलं, त्यानंतर दोन दिवसांनी. तो आला, मशिदीत माझ्या शेजारी उभा राहिला, तिच्या मातीवर पाणी शिंपडलं, आणि महिन्याभरात परत गेला, कोणाचातरी पाय मोडला म्हणून चौथ्या टीमने बोलावलं तेव्हा. पण ते नंतरचं.

त्या सकाळी फोन ठेवला तेव्हा ऊन आलं होतं. जहाजं दिसायला लागली होती. मी स्वयंपाकघरात गेलो, फ्रिज उघडला. डबा तिने ठेवला तिथेच होता. तीन दिवस झाले नव्हते, चूल पेटवायची नाही, हे मला माहीत होतं. पण तोवर ठेवली तर कोळंबी टाकून द्यावी लागली असती. सून उठून दारात आली, केस मोकळे, डोळे सुजलेले. "बाबा, काय करताय?"

"तुझ्या पोराला सांगितलं," मी म्हटलं, आणि गॅस पेटवला. तवा ठेवला, तेल सोडलं. एकेक कोळंबी उचलून बघितली. तिने सोललेल्या अख्ख्या होत्या, माझ्या तुटक्या. तिच्या आधी टाकल्या.